उद्या पुन्हा घडेल: रोजच्या क्षणांवर कॅमेरा शिकण्याची रीत

दारात बसून एक मूल बुटाची नाडी बांधतंय. जीभ दातांत धरलेली, हनुवटी गुडघ्यावर टेकलेली, बाजूने सकाळचं ऊन. तुम्ही धावत जाऊन कॅमेरा काढता, लेन्सचं झाकण काढता, बटण चालू करता, आणि फोकस लागेपर्यंत मूल उठून पळालेलं असतं. नवा कॅमेरा हातात आला की पहिल्या महिन्यात हे जवळपास प्रत्येकाचं होतं. त्यावर बहुतेक जण ठरवतात, की आधी कॅमेरा नीट शिकू आणि मग असे फोटो काढू. मग टेबलावरच्या फुलदाणीचे चाळीस फोटो निघतात, कंटाळा येतो आणि कॅमेरा कपाटात जातो.

मी उलटं सांगेन. ते मूल उद्याही नाडी बांधणार आहे. त्याच दारात, साधारण त्याच वेळी, त्याच उन्हात. समारंभात हुकलेला फोटो हुकलाच; रोजच्या गोष्टी मात्र पुन्हा घडतात, म्हणून कालची चूक आज सुधारता येते. कॅमेरा शिकायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. खालच्या पायऱ्या त्याच भरवशावर रचल्या आहेत. महिनाभर पुरतील; घाई करू नका.

१. कॅमेरा पिशवीबाहेर आणा

घरात सगळे जिथे जास्त वावरतात तिथे, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, कॅमेऱ्याला कायमची जागा द्या. बॅटरी भरलेली, कार्ड आत, लेन्सचं झाकण काढलेलं. काच उघडी राहील अशी धास्ती वाटत असेल तर लेन्सहूड, म्हणजे लेन्सच्या पुढच्या टोकाला बसणारी कड, लावून ठेवा. धक्का लागला तर तो आधी झेलतो, आणि बाजूने येणारा उजेड अडवतो तो फायदा वेगळाच. पट्टा मनगटात किंवा गळ्यात घालायची सवय पहिल्याच दिवशी लावा.

आता कॅमेऱ्याची एक ‘घरची स्थिती’ ठरवा. म्हणजे फोटो काढून झाले की प्रत्येक वेळी कॅमेरा ज्या सेटिंगवर परत आणायचा ती. माझी अशी आहे: अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) आपण ठरवायचं आणि शटरचा वेग कॅमेऱ्याने, असा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोड (डायलवर ए किंवा एव्ही), अ‍ॅपर्चर एफ ४, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) ऑटोवर, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो जास्त उजळ किंवा गडद करायची अधिक-उणे डायल) शून्यावर, फोकस सतत चालू राहणारा. हा नियम मला एका सकाळने शिकवला. आदल्या रात्री कमी उजेडात आयएसओ हाताने ६४०० वर नेला होता आणि तो तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी भर उन्हात काढलेला प्रत्येक फोटो दाणेदार निघाला. तेव्हापासून कॅमेरा जागेवर ठेवण्याआधी डायलवरून बोट फिरवल्याशिवाय मी तो सोडत नाही.

झूम लेन्स असेल तर पहिला महिना ती एकाच आकड्यावर ठेवा. कॅमेऱ्याचा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) लहान, म्हणजे एपीएस-सी आकाराचा असेल तर साधारण ३५ मिमी, मोठा, म्हणजे फुल फ्रेम असेल तर ५० मिमी. रिंग सरकते म्हणून मी तिच्यावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला होता. एकच आकडा राहिला की किती लांब उभं राहिल्यावर चौकटीत काय मावतं हे पायांना कळू लागतं. ते कळलं की कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच तुम्ही योग्य जागी उभे असता.

२. तीन गोष्टी निवडा

एका कागदावर आपल्या घरात किंवा आसपास रोज घडणाऱ्या गोष्टी लिहून काढा. दहा-बारा सहज निघतील. त्यातल्या तीन निवडा: एक जवळजवळ स्थिर, एक हातांच्या हालचालीची, एक वेगाची. उदाहरणार्थ, खिडकीशी बसून वाचणारं माणूस, कपड्यांच्या घड्या घालणारे हात, आणि दार उघडताच बाहेर धावणारं मूल किंवा कुत्रा. प्रत्येकापुढे वेळ लिहा. पुढचे काही आठवडे या तीन ठिकाणी आपण वेळेवर हजर राहायचं आहे.

३. आधी उजेड बघा, कॅमेरा नंतर

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ मागते, आणि लोक नेमकी हीच गाळतात.

एका सुट्टीच्या दिवशी एकच खिडकी निवडा आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी तिच्याजवळ पाच-पाच मिनिटं उभे राहा. ऊन थेट आत येतं तेव्हा सावल्यांच्या कडा धारदार असतात. ढग आला किंवा पातळ पडदा ओढला की त्याच कडा विरघळतात. मग खिडकीजवळ आपलाच हात धरा आणि एकेक पाऊल मागे या. खिडकीला लागून असलेला उजेड आणि चार पावलं आतला उजेड यांत केवढा फरक आहे हे कॅमेऱ्याच्या आकड्यांत दिसेल. डोळा त्या फरकाशी इतक्या लवकर जुळवून घेतो की आपल्याला तो जाणवतच नाही. खोलीतले बरेच फोटो हलतात त्याचं मूळ इथे असतं. आपल्याला लख्ख वाटणारी खोली कॅमेऱ्याला अंधारीच असते.

आता कुणाला तरी खिडकीजवळ बसवा आणि तुम्ही फिरा. खिडकी तुमच्या पाठीशी असेल तर चेहरा सपाट पण स्वच्छ दिसतो. खिडकी बाजूला असेल तर अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत जातो. कपड्याची वीण, हातावरच्या रेषा, कपातून निघणारी वाफ सगळं उठून येतं. खिडकी माणसाच्या मागे असेल तर केसांच्या कडा चमकतात आणि चेहरा काळवंडतो. यातलं चुकीचं काहीच नाही, पण शिकताना बाजूचा उजेड धरा. साध्या गोष्टीला त्याने जो भरीवपणा येतो तो दुसऱ्या कशाने येत नाही.

दिवसा फोटो काढताना खोलीतला दिवा बंद करा. पिवळसर दिव्याच्या उजेडाचं रंगतापमान साधारण २७०० ते ३००० केल्विन असतं, दुपारच्या उन्हाचं सुमारे ५५०० केल्विन. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले तर एक गाल नारिंगी आणि दुसरा निळसर येतो, आणि व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी सेटिंग) कसाही लावला तरी दोन्ही एकदम सुधारत नाहीत.

एक खिडकी किती काळ पुरते याचं उत्तर चेक छायाचित्रकार योसेफ सुदेक यांच्या कामात आहे. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या या माणसाने १९४० ते १९५४ या काळात प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढले. काच तीच. तिच्यावर कधी दव, कधी पावसाचे ओघळ, कधी बर्फाची नक्षी. ते फोटो पाहिल्यापासून ‘आमच्या घरात काढण्यासारखं काही नाही’ हे वाक्य मला पटत नाही.

४. शटर: किती काळ डोळा उघडा ठेवायचा

१८३८ मध्ये लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. उजेड टिपायला तेव्हा काही मिनिटं लागत. तेवढ्यात घोडागाड्या आल्या-गेल्या, माणसं चालत गेली, आणि त्यातलं कुणीच फोटोत उमटलं नाही. रस्ता रिकामा दिसतो. उमटला तो एका कोपऱ्यात बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक माणूस, आणि त्याच्या पायाशी बूट पुसणारा. ठरवून टिपलेला नसला, तरी छायाचित्रात माणूस दिसण्याच्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी तो एक मानला जातो. आणि तो उमटला, कारण तो थांबला होता.

शटर स्पीडचं सगळं गणित यात आहे. शटर उघडं असताना जे हलतं ते पुसटतं, जे थांबतं ते राहतं. माझे सुरुवातीचे आकडे असे: शांत बसून वाचणाऱ्या माणसाला १/६० (म्हणजे सेकंदाचा साठावा भाग) ते १/१२५, बोलणाऱ्या आणि हातवारे करणाऱ्याला १/१२५ ते १/२५०, काम करणाऱ्या हातांना आणि चालणाऱ्याला १/२५०, धावणाऱ्या मुलाला १/५००, उडी आणि पाण्याचे शिंतोडे यांना १/१००० किंवा त्याहून वेगवान.

आपला हातही हलतो. त्याचा जुना अंदाज असा, की फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) जेवढी, निदान तेवढ्या भागाचा शटर स्पीड हवा: ५० मिमीला १/५०. एपीएस-सी सेन्सरवर त्याला दीडने गुणा, म्हणजे ३५ मिमीलाही साधारण १/५० च. लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात स्थिरीकरण असेल तर यापेक्षा बराच मंद स्पीड हातात चालतो, पण ते फक्त तुमच्या हाताची थरथर आवरतं. समोरच्या मुलाचं हलणं त्याने थांबत नाही. अनेकांची इथे फसगत होते, म्हणून फोटो अस्पष्ट आला की मोठा करून बघा. भिंत, दार, सगळंच हललेलं असेल तर दोष हाताचा. भिंत स्पष्ट आणि चेहरा पुसट असेल तर शटर मंद पडला, किंवा फोकस मागे लागला.

आता दागेर यांच्या फोटोतला धडा उलटा वापरा. प्रत्येक हालचालीत एक थांबा असतो. झोका टोकाला पोचतो तिथे क्षणभर त्याचा वेग शून्य होतो. नाडी ओढून घट्ट केल्यावर बोटं किंचित थबकतात. चादर झटकताना ती पूर्ण फुगते आणि खाली येण्याआधी हवेत टांगल्यासारखी राहते. बोलणारा माणूस वाक्य संपवून समोरच्याकडे बघतो. हा थांबा सापडला की कमी उजेडातही, १/६० वर, स्पष्ट फोटो मिळतो. आणि तो सापडायला तीच क्रिया आठ-दहा दिवस बघावी लागते. इथे रोजचेपणा तुमच्या बाजूने उभा राहतो. दुसऱ्या आठवड्यात कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या हातांकडे तीन दिवस कॅमेरा न घेता नुसतं बघा. चौथ्या दिवशी तुमचं बोट आपोआप वेळेवर पडेल.

हे जमलं की एकदा शटरचा वेग आपण ठरवायच्या मोडवर (डायलवर एस किंवा टीव्ही) जाऊन १/१५ लावा आणि तोच फोटो काढा. कोपर टेबलावर टेकवा. माणूस स्पष्ट आणि हात तेवढे पुसट, असं आलं तर कामाचा वेगच फोटोत उतरतो.

५. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ: थोडक्यात

अ‍ॅपर्चरचे आकडे पाठ करा: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. एक घर पुढे गेलं की उजेड निम्मा होतो आणि जास्त खोलीपर्यंत स्पष्ट दिसतं. नवी लेन्स एफ १.८ पर्यंत उघडत असली की सगळं एफ १.८ वरच काढायचा मोह होतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स, माणूस १ मीटरवर, एफ १.८: स्पष्ट पट्टा साधारण ४ सेंटीमीटरचा. एक डोळा स्पष्ट, दुसरा धूसर. शिवाय रोजच्या क्षणात मागची खोली, भिंतीवरचं घड्याळ, जमिनीवर सांडलेली खेळणी हीच तर गोष्ट असते. तिला पुसून का टाकायचं? एकट्या माणसाला एफ २.८ ते ४, दोघं-तिघं असतील तर ५.६.

आयएसओला घाबरू नका. १००, २००, ४०० असा प्रत्येक दुपटीला फोटो दुप्पट उजळ होतो आणि दाणे वाढतात. पण दाणेदार फोटो बघता येतो, हललेल्या फोटोचं काही करता येत नाही. मेन्यूत ऑटो आयएसओची पाटी शोधा. तिथे बहुतेक कॅमेऱ्यांत दोन गोष्टी ठरवता येतात: आयएसओची वरची मर्यादा आणि शटरचा किमान वेग. पहिली ६४००, दुसरी १/१२५ ठेवा. वेगाच्या फोटोंच्या वेळी दुसरी १/५०० करा. एवढ्या एका सेटिंगने खोलीतले निम्मे वाया जाणारे फोटो वाचतात. भरपूर वेळ देऊन करावं असं मेन्यूतलं काम हेच.

६. कॅमेरा कुठे फसतो

कॅमेऱ्याचा मीटर, ढोबळ मानाने, समोरचं सगळं मध्यम करड्याच्या आसपास आणायला बघतो. म्हणून पांढऱ्या भिंतीपुढचं माणूस काळवंडतं आणि काळ्या कुत्र्याचा फोटो राखाडी निघतो. उपाय अधिक-उणे चिन्हाच्या डायलवर: चौकटीत पांढरं जास्त असेल तर अधिक १, काळं जास्त असेल तर उणे १. खिडकी माणसाच्या मागे असेल तर अधिक १ ते अधिक २. अंधाऱ्या खोलीत चेहऱ्यावर ऊन पडलं असेल तर उणे १, नाहीतर चेहरा पांढराफटक उडेल. आधी मनात अंदाज करा, मग डायल फिरवा आणि पडद्यावर ताडून बघा. आठवडाभरात अंदाज बरोबर येऊ लागतात.

सुरुवातीला रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची फाईल) आणि जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो) दोन्ही साठवा. रॉ फायलीत उजेड आणि रंग सुधारायला पुष्कळ वाव असतो, आणि आजची फाईल तुम्ही दोन वर्षांनी जास्त चांगली सुधाराल.

७. फोकस

माणसांसाठी डोळा ओळखणारा फोकस कॅमेऱ्यात असेल तर चालू ठेवा. नसेल तर एकच फोकस बिंदू निवडून जवळच्या डोळ्यावर धरा. बटण अर्धं दाबून फोकस लावणं आणि पूर्ण दाबून फोटो घेणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. फोटो न काढता नुसतं अर्धं दाबून सोडण्याचा सराव करा.

धावत दाराबाहेर येणाऱ्यासाठी दुसरी युक्ती. ते कुठून जाणार हे तुम्हाला ठाऊक आहे. उंबऱ्यावर फोकस लावा, तो हाताने वापरायच्या फोकसवर टाकून तिथेच ठेवा, अ‍ॅपर्चर ५.६, शटर १/५००, आणि पाऊल उंबऱ्यावर पडण्याच्या जरा आधी बटण दाबा. बर्स्ट (बटण दाबून धरलं की लागोपाठ फोटो) वापरलात तरी चालेल, पण चार-पाच फोटोंपेक्षा लांब नको. नाहीतर संध्याकाळ सगळी सारख्या फोटोंतून निवड करण्यात जाते.

८. माणसांना कॅमेऱ्याची सवय होऊ द्या

तांत्रिक बाजू महिन्यात जमते. हे जमायला जास्त दिवस लागतात आणि फोटोत फरक खरा यानेच पडतो.

पहिले काही दिवस घरचे कॅमेरा दिसला की ताठ होतील, केस सारखे करतील, हसतील. करू द्या. तो फोटोही काढा, दाखवा, आणि कॅमेरा हातात ठेवूनच गप्पा मारत राहा. ‘इकडे बघ’ म्हणू नका. एकदा म्हटलं की पुढच्या वेळी कॅमेरा उचलताच हातातलं काम थांबतं. फोटो झाल्यावर लगेच कॅमेरा खाली करू नका. डोळ्याला लावूनच दोन श्वास थांबा. माणसाला वाटतं झालं, खांदे सैल पडतात, चेहरा आपल्या जागी येतो. माझे आवडते फोटो बहुतेक त्या दोन श्वासांतले आहेत.

मुलांचे फोटो उभ्याने काढले तर डोक्याचे वरचे केस आणि फरशी येते. गुडघ्यावर बसा, गरज पडली तर पोटावर झोपा. जग त्यांच्या उंचीवरून दिसू द्या.

शटरचा आवाज त्रास देत असेल तर मूक शटर लावता येतो, दोन गोष्टी सांभाळून. वेगवान हालचाल त्यात तिरकी, वेडीवाकडी येऊ शकते. आणि काही दिव्यांच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे उमटतात, कारण ५० हर्ट्झच्या विजेवर असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. तिथे १/५० किंवा १/१०० लावा. ६० हर्ट्झची वीज असेल तर १/६० किंवा १/१२५.

आणि परवानगी. घरच्यांनाही विचारा. आजारी, रडणारं, चिडलेलं माणूस ‘नको’ म्हणालं तर कॅमेरा खाली. फोटो काढू देणं आणि तो चारचौघांना दाखवू देणं या वेगवेगळ्या परवानग्या आहेत. लहान मुलाला आज कळत नसेल, म्हणून त्याच्या वतीने आपण जास्त जपायचं.

९. चौकट

बटण दाबण्याआधी नजर चारही कडांवरून एकदा फिरवा. डोक्यामागून उगवलेला दिव्याचा खांब, कडेला अर्धा कापलेला हात, कोपऱ्यातली भडक पिशवी. एक पाऊल डावीकडे सरकलं तरी यातलं बरंच नाहीसं होतं. क्षण अजून यायचा असेल तर पार्श्वभूमी आधी निवडा आणि माणूस तिच्यात येईपर्यंत थांबा. मनगटांवर किंवा घोट्यांवर चौकट कापू नका. एकतर पूर्ण घ्या, नाहीतर जास्त जवळ जा.

१०. संध्याकाळचा अर्धा तास

फोटो कॅमेऱ्यावर डिलीट करू नका. छोट्या पडद्यावर चांगला-वाईट नीट कळत नाही, आणि पुढचा क्षण निसटतो. संध्याकाळी संगणकावर किंवा मोठ्या पडद्यावर उघडा. पहिल्या फेरीत फक्त मनाला थांबवणारे निवडा; हललेत की नाही ते बघू नका. दुसऱ्या फेरीत प्रत्येक फसलेल्या फोटोची माहिती उघडा: शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ. मग वहीत एक ओळ लिहा. ‘नाडी, सकाळी ७:४०, १/६०, बोटं पुसट. उद्या १/२५०.’ दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच दारात ती ओळ आठवून उभे राहा. ही वही आणि उद्याची सकाळ मिळून जे शिकवतात ते नुसतं वाचून येत नाही. हा लेख वाचूनसुद्धा नाही.

प्रती दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. दोन्ही प्रती उघडतात याची खात्री झाल्यावरच कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

महिना संपला की दहा फोटो निवडून छापून घ्या. पोस्टकार्डाच्या आकाराचे पुरेत. टेबलावर शेजारी-शेजारी मांडा: एकाच दारातले, एकाच खिडकीतले तीन-चार तरी असतील, आणि पहिल्या आठवड्यातला फोटो चौथ्या आठवड्यातल्यापासून वेगळा काढायला तारीख बघावी लागणार नाही. तरीही प्रत्येकाच्या मागे तारीख, जागा आणि माणसांची नावं लिहा. साध्या कागदावर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, नाहीतर अक्षरं समोरून उठून दिसतात. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही. तिथे न पुसणाऱ्या शाईचं बारीक पेन घ्या आणि शाई वाळेपर्यंत फोटो एकमेकांवर ठेवू नका.